नाक मोठं की हनुवटी मागे? आधी जबडा बघू, मग नाकाचं बोलू

प्रश्न असा आहे. वय २४, डी.एड. झालेली मुलगी, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं गाव, घरी कपाशी-तुरीची शेती. बाजूनं फोटो काढला की नाकावर उंचवटा दिसतो आणि हनुवटी गळ्यात गेल्यासारखी वाटते. एका डॉक्टरांनी नाकाचं ऑपरेशन सुचवलं, दुसऱ्यांनी हनुवटीत सिलिकॉन बसवू म्हटलं. दोन्ही एकाच वेळी होतं का, खर्च किती, शेतातल्या कामाला परत कधी लागता येईल? आणि अगदी शेवटी, सहज लिहिल्यासारखी एक ओळ : "सहा-सात वर्षांची असताना बंडीवरून (बैलगाडीवरून) पडली होती, हनुवटीखाली टाके पडले होते. जांभई देताना उजव्या कानापाशी कट्ट वाजते."

ताई, तुमच्या त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

खालच्या जबड्याची दोन टोकं दोन्ही कानांच्या अगदी पुढे, कवटीच्या खोबणीत बसलेली असतात. त्यांना आम्ही काँडाइल म्हणतो. लेकरू हनुवटीवर आपटलं की जखम खाली दिसते, पण धक्का हाडातून वर जातो आणि बऱ्याचदा मोडतं ते हे टोक. खाली टाके पडतात, आठवड्यात जखम भरते, घरचे निर्धास्त होतात. वरची मोड कुणी पाहिलेलीच नसते, कारण त्या वेळी एक्स-रे कोण काढतो? वाढत्या वयात जबडा पुढे येण्यासाठी हे टोक आणि तो सांधा धड असावा लागतो. इजा एका बाजूची असेल तर त्या बाजूची वाढ खुंटते आणि हनुवटी त्याच बाजूला झुकते. दोन्हीकडची असेल तर हनुवटी सरळच, पण मागे राहते. आणि सांध्यात रक्त साकळून पुढे हाडाला हाड चिकटलं तर तोंड उघडणंच बंद होत जातं. अशी पोरं आमच्याकडे वयाच्या पंधराव्या-विसाव्या वर्षी येतात. दोन दातांच्या फटीतून पेज ओढून वाढलेली, रात्री जोरात घोरणारी, आणि आई सांगते, "लहानपणी पडला होता, पण तवा तर काहीच झालं नव्हतं." लहानपणी कान बराच काळ वाहिल्यानंही, सांध्यापर्यंत पू जाऊन, हेच होऊ शकतं.

तुमचं इतकं गंभीर नसेल. तोंड उघडत नाही असं तुम्ही लिहिलेलं नाही. नुसता आवाज हजारो धडधाकट माणसांच्या जबड्यातही येतो. पण हनुवटीखालचा जुना व्रण, मागे गेलेली हनुवटी आणि सांध्याचा आवाज हे तिन्ही एकाच चेहऱ्यात असतील, तर सांध्याचा एक्स-रे पाहिल्याशिवाय कुणी नाकाला किंवा हनुवटीला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही डॉक्टरांनी तुम्हाला पडण्याबद्दल विचारलं होतं का? नसेल विचारलं तर पुढच्या वेळी तुम्हीच सांगा.

घरी बसून एवढं पाहता येईल. आरशासमोर तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घाला. तीन बोटं आरामात गेली तर उघडणं ठीक. दोनच जात असतील तर कारण शोधायला हवं. उघडताना खालचा जबडा सरळ खाली जातो की एका बाजूला वळतो, तेही पाहा. जुनी मोड असेल तर तो बहुधा त्याच बाजूला वळतो. मग दाढा नेहमीसारख्या मिटवा, जबडा पुढे ढकलू नका, आणि गाल बाजूला ओढून दात बघा. वरचे पुढचे दात खालच्यांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे असणं साधारण आहे. मधे पेन्सिल मावेल एवढी फट असेल तर दोष बहुधा नुसत्या हनुवटीच्या टोकाचा नाही, अख्ख्या खालच्या जबड्याचा आहे.

आता फोटो. सेल्फीवर अजिबात जाऊ नका. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं. अमेरिकेत २०१८ साली एका अभ्यासात हिशेब मांडला होता : एक फूट अंतरावरच्या सेल्फीत नाकाची रुंदी पाच फुटांवरून दिसते त्यापेक्षा जवळपास ३० टक्क्यांनी जास्त भासते. निम्मे लोक मोबाईल पुढे करून "नाक लय मोठं दिसते" म्हणतात, तेव्हा मला आधी त्यांच्याकडे बघावं लागतं, मोबाईलकडे नाही. भावाला सहा-सात फुटांवर उभं करा, मोबाईलचा मागचा कॅमेरा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायला सांगा, झूम करून बाजूचा फोटो घ्या. मान वर-खाली नको, ओठ सैल, दात मिटलेले. त्या फोटोवर दोन भुवयांच्या मधून, नाक जिथे सुरू होतं तिथून, ओळंब्यासारखी सरळ खाली रेघ ओढा. हनुवटी त्या रेघेला टेकावी किंवा किंचित मागे असावी. बाईच्या चेहऱ्यात थोडी मागे असली तरी शोभते, पुरुषाच्या चेहऱ्यात ती रेघेजवळ लागते. ही मापं मूळची परदेशी चेहऱ्यांवरून आलेली आहेत, वऱ्हाडातल्या चेहऱ्यांना ती जशीच्या तशी लावायची नसतात. अंदाजासाठी मात्र पुरेशी आहेत.

रेघ ओढली की बऱ्याच जणांना कळतं की हनुवटी एक-दीड सेंटिमीटर मागे आहे आणि नाक जेमतेम दोन-तीन मिलिमीटरनं जास्त. बाजूनं पाहताना डोळा नाकाचं माप हनुवटीवरून धरतो. खाली पुढे काही नसलं की वरचं जास्त पुढे वाटतं. अशा चेहऱ्यात फक्त नाक छाटलं तर काय होतं? हनुवटीशी जुळवायला सर्जनला नाक गरजेपेक्षा जास्त कमी करावं लागतं. मग नाक बसकं, शेंडा आखूड, कधी श्वासाला त्रास, आणि हनुवटी जिथल्या तिथेच. वर्षभरानं तोच माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. काढलेलं हाड-कूर्चा परत बसवायला मग कानाची नाहीतर बरगडीची कूर्चा घ्यावी लागते.

म्हणजे तुमच्यासमोर तीन शक्यता आहेत. दात नीट जुळतात, सांधा चांगला आहे आणि फक्त हनुवटीचं टोक लहान आहे, ही पहिली. तसं असेल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं : हो, नाक आणि हनुवटी एकाच भुलीत होतात, आणि तसं करणं शहाणपणाचं. हनुवटी किती पुढे येणार हे आधी ठरतं, त्या हिशेबानं नाक किती कमी करायचं ते ठरतं. दुसरी शक्यता, अख्खा जबडाच मागे आहे. तेव्हा नुसतं हनुवटीचं टोक पुढे आणणं म्हणजे दोष झाकणं. खरा उपचार जबडा पुढे सरकवण्याचा, आणि त्याआधी साधारण वर्ष-दीड वर्ष दातांना तारा. वेळखाऊ आहे, पण चावणं सुधारतं, आणि घोरणं असेल तर त्यालाही बऱ्याचदा फायदा होतो. काही जण सगळं समजून घेऊन म्हणतात, "दातांचं राहू द्या, दिसायला बरं करा." मोठ्या माणसानं समजून केलेली निवड असेल तर तीही चुकीची नाही. पण पर्याय कुणी सांगितलाच नाही असं होता कामा नये. तिसरी शक्यता सांध्याची. सांधा जखडलेला असेल तर आधी तो मोकळा करायचा, तोंड उघडायचं, मग जबडा, मग हनुवटी, आणि नाक सगळ्यांत शेवटी.

नाक शेवटी ठेवण्याला कारण आहे. वरचा जबडा पुढे किंवा वर सरकवला की नाकाचा पाया रुंदावतो आणि शेंडा वर उचलला जातो. आधी नाक करून ठेवलं असेल तर ते सगळं बिघडतं. शिवाय जबड्याच्या ऑपरेशनात दातांची जुळणी सारखी तपासावी लागते, त्यामुळे श्वासाची नळी नाकातून घालतात. नळी नाकात असताना नाकावर काम कसं करणार? म्हणून जबडा झाल्यावर सूज ओसरली की, साधारण सहा महिन्यांनी, नाकाचं पाहायचं. बऱ्याच जणांना तोवर नाकाची गरजच वाटेनाशी होते.

सिलिकॉन की स्वतःचं हाड, या वादात मी बहुतेक वेळा हाडाच्या बाजूनं असतो. खालच्या ओठाच्या आतून चीर घेतात, बाहेर व्रण राहत नाही. ओठाला संवेदना देणारी नस हाडातून जिथे बाहेर येते, त्याच्या खालून हनुवटीचं हाड आडवं कापून पुढे सरकवतात आणि टायटॅनियमच्या लहान पट्टीनं, स्क्रूनं पक्कं करतात. साधारण चार ते दहा मिलिमीटर पुढे आणता येतं. हनुवटी एका बाजूला कललेली असेल तर सरळ करता येते, उंची कमी-जास्त करता येते. जीभ उचलून धरणारे स्नायू त्या हाडाला मागून चिकटलेले असतात, तेही थोडे पुढे येतात. सिलिकॉनचं काम सोपं आणि लवकर होतं, थोडंसंच पुढे आणायचं असेल तर चालतंही. पण ते बाहेरचं आहे. सरकू शकतं, पुढे कधी पू धरू शकतं, खालचं हाड थोडं झिजवतं. आणि कललेली हनुवटी त्यानं सरळ होत नाही. तुमचा सांध्याचा इतिहास पाहता हनुवटी थोडी उजवीकडे कललेली असण्याची शक्यता आहे, म्हणून माझा कल हाडाकडे.

हाडाच्या ऑपरेशनची एक गोष्ट आधीच समजून घ्या. खालचा ओठ आणि हनुवटी काही आठवडे ते काही महिने बधिर राहते. चहा ओठावरून ओघळला तरी कळत नाही, भाजतं. बहुतेकांची संवेदना परत येते, थोड्यांची पूर्ण येत नाही. ही शक्यता तुमच्यासमोर बसून कुणी सांगितली नसेल, तर संमतीपत्रावर सही करू नका.

नाकाबद्दल थोडक्यात. उंचवटा घासून, लागलं तर बाजूची हाडं आत घेऊन, नाकातला मधला पडदा वाकडा असेल तर तो सरळ करून नाक करतात. डोळ्यांखाली निळं-काळं होतं, दहा-बारा दिवसांत जातं. नाकावर बसवलेला कडक साचा आठवडाभर ठेवतात. आपल्याकडे नाकाची कातडी बऱ्याचदा जाड असते, त्यामुळे शेंड्याची सूज वर्ष-दीड वर्ष रेंगाळते आणि फोटोतल्या नटीसारखा कोरीव शेंडा मिळेलच असं नाही. कॉम्प्युटरवर दाखवलेलं चित्र करारपत्र समजू नका. चांगल्या हातांतही ५ ते १५ टक्के नाकांना पुन्हा दुरुस्ती लागते. नाकातला खडा ऑपरेशनआधी काढावा लागेल. भोक बुजलं तर नवीन टोचायला निदान सहा महिने थांबा, आणि जड नथ त्याहून उशिरा.

इंजेक्शननं नाक-हनुवटी नीट करतो म्हणणारे आता तालुक्यापर्यंत पोचलेत. हनुवटीतलं इंजेक्शन जाणत्या हातात असेल तर ठीक, वर्ष-दीड वर्षात विरघळतं. नाकात मात्र नको. औषध रक्तवाहिनीत गेलं तर नाकाची कातडी काळी पडून मरते, क्वचित डोळा जातो. पार्लरमध्ये तर कुठलंच इंजेक्शन घेऊ नका.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी शहरातले डॉक्टरही कधीकधी विचारायला विसरतात. पहिली खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेला. तुम्ही खात नसाल, पण हे वाचणाऱ्यांत खाणारे असतीलच, आणि बायाही खातात, फक्त सांगत नाहीत. सुपारीनं गालाच्या आत पांढरे ताठ पट्टे येतात, तोंड उघडणं बोट-बोटानं कमी होतं, भूल देणाऱ्याला नळी घालणं अवघड जातं. तंबाखूनं रक्तपुरवठा आकसतो आणि तोंडातली चीर भरत नाही. आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद, नाहीतर मी तारीख देत नाही. "कमी केला" चालत नाही. आणि पट्टे आधीच आले असतील, तर नाक-हनुवटी बाजूला ठेवून पहिला उपचार त्या तोंडाचा.

दुसरी गोष्ट सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, आपल्या सगळ्या पट्ट्यात हा आजार आहे. ग्रामीण रुग्णालयात साधी तपासणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिस, तिच्यात वाहक की आजार ते कळतं. वाहक असाल तर सहसा अडत नाही, फक्त भूल देणाऱ्याला माहीत हवं. आजार असेल तर पाणी कमी पडणं, थंडी, ऑक्सिजन कमी होणं यातलं काहीही वेदनांचा झटका आणू शकतं. मग फक्त दिसण्यासाठी इतका धोका घ्यावा का, हे मी रुग्णाशी दोनदा बोलतो आणि बहुतेकदा नको म्हणतो. हिमोग्लोबिनही पाहा. ते १० च्या खाली असेल तर आधी ते वाढवू, घाई कसलीच नाही.

शेताचं विचारलंत, म्हणून हंगामाचं सांगतो. एप्रिल-मे नको. पंचेचाळीस अंशांत साच्याखाली घाम, तोंडात टाके आणि पोटात पाणी कमी, याचा त्रास ऑपरेशनपेक्षा जास्त होतो. कापूस वेचणी बऱ्यापैकी आटोपली की संक्रांतीनंतरचा काळ बरा. ऑपरेशन नागपूरला झालं तर पहिला आठवडा तिथेच, दवाखान्याजवळ नातेवाइकांकडे राहा. यवतमाळहूनच नागपूर दीडशे किलोमीटर आहे, आणि रात्री नाकातून रक्त सुरू झालं तर एसटीची वाट पाहता येत नाही. रक्त थांबत नसेल, दोन्ही नाकपुड्या एकदम बंद होऊन ठणका वाढत असेल किंवा ताप आला तर त्याच रात्री डॉक्टरला गाठायचं. पडद्यात रक्त साकळलेलं राहिलं तर नाक खचतं.

जेवण पहिले दहा दिवस पातळ आणि कोमट : पेज, वरणाचं पाणी, ताक, नंतर मऊ खिचडी. भाकर महिन्यानं. सावजी रस्सा तर विसराच. दर खाण्यानंतर मिठाच्या पाण्यानं चूळ. झोपताना दोन उशा. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. दोन आठवड्यांनी घरातली हलकी कामं आणि अभ्यास होतो. वाकून निंदण करणं, डोक्यावर गाठोडं किंवा पाण्याचा हंडा घेणं सहा आठवडे नको. चष्मा आणि फवारणीचा घट्ट मास्क नाकाच्या हाडावर बसतो, तेही सहा आठवडे बंद. गोठ्यात जाणं दोन महिने टाळा. गाय मान झटकते तेव्हा तुमचं ऑपरेशन झालंय हे तिला ठाऊक नसतं.

खर्च. खाजगीत नाक आणि हनुवटी मिळून लाखाच्या वरच जातं. दवाखाना, भूल आणि सर्जन यांप्रमाणे फरक खूप पडतो, म्हणून सगळं धरून लेखी आकडा मागा, आणि दुरुस्ती लागली तर पैसे कोण भरणार तेही त्यातच लिहून घ्या. फक्त दिसण्यासाठीचं ऑपरेशन सरकारी योजनेत बसत नाही. सांधा जखडलेला असणं किंवा तोंड न उघडणं हा आजार आहे. तसं निघालं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळचं सावंगी (मेघे) इथे मुख-जबडा शल्यचिकित्सेचे विभाग आहेत, तपासणीला तिथेच जा. पीककर्जाचे किंवा सावकाराचे पैसे यात घालू नका. हे थांबू शकणारं काम आहे.

तुम्ही लिहिलं नाही, पण विचारतो : कुणी स्थळ नाकारलं म्हणून हे चाललंय का? तसं असेल तर थोडं थांबा. ज्यांनी नाक पाहून नाही म्हटलं ते नाक बदललं तर हुंडा मोजतील. मी प्रत्येकीला विचारतो, उद्या नोकरी लागली, लग्न ठरलं, तरी करायचंय का? "हो" आलं तर पुढे जाऊ. आई किंवा काकू मधेच उत्तर देऊ लागल्या की मी त्यांना बाहेर बसवतो. आणि लग्न ठरलेलंच असेल तर तारखेच्या आधी निदान सहा महिने मोकळे हवेत, नाहीतर हळदीच्या फोटोत सुजलेलं नाक येईल.

आता एवढं करा. यवतमाळला दोन्ही सांध्यांसह जबड्याचा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबडा एकाच चित्रात दाखवणारा एक्स-रे, काढा. मोठा खर्च नाही. बाजूचा सेफॅलोग्राम, म्हणजे बाजूनं काढलेला डोक्याचा एक्स-रे, तिथे झाला तर तोही, नाहीतर दंत महाविद्यालयात होईल. सांध्यात काही दिसलं तर सीटी ते सांगतील. डोकेदुखीला किंवा कंबरदुखीला अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक, जडीबुटी काहीही घेत असाल तर नावं लिहून ठेवा. सर्जरी ठरली तर ती आठवडाभर आधी बंद करावी लागतात, ती डॉक्टरांना विचारूनच. सर्जनच्या पाटीवरची पदवी वाचा : नाकासाठी प्लास्टिक सर्जन किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ, जबड्यासाठी मुख-जबडा सर्जन किंवा प्लास्टिक सर्जन. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. लहानपणीचे, पडण्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन-चार फोटो मिळाले तर सोबत न्या. हनुवटी कधीपासून मागे राहिली ते त्यात दिसतं. आणि सिकलचा रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यांत वर लावा.